चन्नवीरची पूजा

कलबुर्गी, ४ ऑगस्ट

ती. अप्पांस,
नेत्रावतीचे शरणु शरणार्थी, वि. वि.

चन्नवीरला तुमच्या बिनफोनच्या घरी सोडून आले आणि इथलं घर खायला उठलंय. तान्हा असल्यापासून रडका. फोन दाखवला की गप्प व्हायचा, म्हणून दाखवत गेले. आता दीड वर्षाचा झाला तरी फोनशिवाय डोळा मिटत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत्ताच सोडवा, अशा काही मुलांना पुढे शाळेच्या वयात मनाचे त्रास होतात. तेव्हापासून माझीच झोप उडाली आहे. माझा फोनही कपाटात टाकलाय, म्हणून हे पत्र. तो झोपतो का, एवढं कळवा.

अव्वाला नमस्कार. माया असू द्या.
तुमची नेत्रा

राजेश्वर, ८ ऑगस्ट

चि. सौ. नेत्रावतीस अ. उ. आ.

तुझा लेक रडण्यात तुझ्यावरच गेलाय, सगळी गल्ली जागी ठेवली. तुझी अव्वा मलाच दटावते, की लेकरू रडायलंय तर रडू द्या, तुम्ही कामून घाबरायलाव. झोप अजून तुटकच आहे.

पण एक आनंदाची गोष्ट. मी सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्यावर नजर लावून पूजेला बसतो, ते पाहून हाही शेजारी बसतो. रिकामा तळहात डोळ्यांसमोर धरून एकटक बघतो. मधूनच त्यावर बोट वर सरकवतो. विभूती लावत असणार. शेजारच्या कमलबाईंना बोलावून दाखवलं. भक्ती रक्तातच आहे.

काळजी कमी कर, जेवण वाढव. आमचा जीव तुझ्यात आहेच.
गुरुशांतप्पा

कलबुर्गी, ११ ऑगस्ट

ती. अप्पांस शरणार्थी, वि. वि.

अप्पा, ती विभूती नाही. तो फोन चालवतोय. तुम्हाला हातात बघताना पाहून त्याला वाटलं, तुमच्याकडेही आहे. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले. हे त्याच्या मनात कायमचं बसलं तर? रविवारी मी येते. पण तो माझ्याकडे बघेल की माझ्या हाताकडे, याचीच धास्ती वाटते.

कमलबाईंना काही सांगू नका. रागावलात तरी मायेत अंतर नको.
नेत्रा

राजेश्वर, १४ ऑगस्ट

चि. नेत्रास आशीर्वाद.

राग आला, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, त्याचं काय चुकलं? मोठी माणसं हातात बघत बसली की आपल्याकडे बघत नाहीत, एवढंच त्याला ठाऊक.

काल पूजा झाल्यावर लिंग गळ्यातल्या चांदीच्या पेटीत ठेवलं आणि त्याच्यापुढे दोन्ही हात पसरले. त्याने ते खरवडले, उलटे करून बघितले. काही सापडेना तेव्हा खूप रडला. मी हात तसेच धरून बसलो. मग कधीतरी त्याने वर बघितलं आणि माझी मिशी धरली. दुपारी खांद्यावरच झोपला. आज पुन्हा रडायलाय. पुढचं मलाही सांगता येत नाही.

तू रविवारी ये, पण धावत येऊन उचलू नकोस. आधी दोन्ही हात रिकामे दाखव, आणि तो वर बघेपर्यंत थांब.

तुझा अप्पा