पदराखालचा हात

आई, आज सकाळी शेजारीण सांगून गेली, रविवारी त्यांच्याकडे आपल्या खानदेशची कानबाई देवी बसणार आहे. ती दारात बोलत होती आणि मी उजवा हात पदरात गुंडाळून उभी होते. ती गेल्यावर लक्षात आलं की उभं राहण्याची ही ढब तुझी आहे. तुला वाचता येत नव्हतं, तरी सून बाहेर गेल्यावर लिहायला बसले.

सुरतेतली, उधन्याची आपली खोली आठवते, माझ्या लग्नाआधीची. बाबा गेल्यानंतर आपण दोघीच होतो. मी मराठी शाळेत शिकवायची, तू घरी साड्यांचे सुटे धागे कापायचीस. शाळेतून येते तर तू उंबऱ्यात बसलेली असतेस, मांडीवर साडी, हातात छोटी कात्री, आणि मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटावर तुझं कानबाईचं गाणं चाललेलं. चहात आलं टाकताना तू ते दातांनी तोडायचीस. मी ओरडले की म्हणायचीस, "तुन्ही शाळा तिकडे, मन्हा चुल्हा इकडे." गल्लीत बी.ए. झालेली बाई म्हणून माझा दरारा होता, पण तो आपल्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही.

कोपऱ्यावर एसटीडी बूथ झाला त्या सुमारास तुझ्या हाताला कंप सुटला. कात्री भलतीकडे गेली आणि एका साडीचा काठ कापला गेला. साड्या पाठवणाऱ्या शेठकडून पुढचं गाठोडं आलं नाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. हात थोडा निवला, तू निवली नाहीस. हात पदराखाली घालून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. गाणं थांबलं, वेणी थांबली, ताटात भाकरी तशीच राहायला लागली. एकदा म्हणालीस, "आते कसाले जगनं?" मी वर्ग गप्प करायच्या आवाजात म्हटलं, "असलं बोलायचं नाही. मन घट्ट कर. ऊठ, वेणी घाल." तू उठलीस, वेणी घातलीस, आणि परत भिंतीकडे वळलीस. माझं ऐकूनही काही उपयोग होत नाही, हे मला नवीन होतं.

श्रावणात डिंडोलीला मावशीकडे कानबाई बसली. रविवारी तू गेली नाहीस. सोमवारी विसर्जनाला मी रिक्षा दारात आणूनच सांगितलं. तू म्हणालीस, "मन्हं काय काम तठे?" मी तुझ्या चपला पुढे सरकवल्या. मावशीच्या खोलीत कानबाई म्हणून मांडलेल्या, नथ घातलेल्या नारळासमोर बायका दाटीनं बसल्या आहेत, गाणं उंच चढलंय, बाहेर ढोल सुरू झालाय. गर्दीत तुझा पदर घसरतो आणि हात उघडा पडतो. चार लोकांत तो जास्तच थरथरायचा. समोरची म्हातारी बघते आणि म्हणते, "माय उनी वं, आंगमा माय उनी." हात थरथरला म्हणजे देवी अंगात आली, आपल्या बायकांना दुसरं काय वाटणार. कोणी तुझ्या पायांवर पाणी ओतलं, कोणी कपाळभर हळद-कुंकू भरलं. एक जण तर मांडीवर डोकं ठेवून विचारायला लागली, "मन्हा पोरगाले नोकरी कवय लागी वं माय?"

मी दारात उभी. एरवी ओरडले असते. पण कित्येक महिन्यांनी लोक तुझ्याकडे कीव न करता बघत होते. मनात आलं, तासभर राहू दे देवी, कोणाचं काय जातंय. तू त्या बाईकडे पाहिलंस, मग हाताकडे. बारीक झालेल्या आवाजात म्हणालीस, "बहीन, वारं नही शे हाई. आजार शे. वारं ऱ्हातं ते थांबी जातं. हाऊ हात थांबस नही." गाणं तुटलं. मग ती मांडीवरची बाई डोकं उचलून म्हणाली, "मंग नोकरीनं काय?" तू म्हणालीस, "त्याले सांग, पहिले सकायमा लवकर ऊठ." खोली हसली. त्या हसण्यात तुझं हसू मला वेगळं ऐकू आलं. तापीला जाताना ढोलाच्या ठोक्यावर तुझे अडखळणारे पाय सरळ पडत होते आणि हात उघडा होता. मीच तो झाकायला गेले, तर म्हणालीस, "हातले लाज नही, तुले काबरं?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांना तूच सांगितलंस की हातापेक्षा मन जास्त दुखतं. ते म्हणाले, "बेन, ए पण आ ज बीमारीनो भाग छे," म्हणजे मनाचं दुखणंही याच आजाराचं, आणि त्यासाठी आणखी एक गोळी लिहून दिली. भिंतीकडे वळायचे दिवस संपले नाहीत, पण मधेमधे उंबऱ्यातून गाणंही यायला लागलं. कात्री नव्हती, मांडीवर मेथी असायची. निवडायला दुपार जायची आणि तुला घाई नसायची.

आता माझी पाळी आहे, तोच कंपवात. अक्षर बघ, वरच्या ओळीपेक्षा ही ओळ केवढी बारीक झाली. फळ्यावर शेवटच्या बाकापर्यंत दिसेल असं लिहिणारी मी. सकाळी उठावंसं वाटत नाही आणि स्वतःला ओरडून झालं, मन घट्ट कर म्हणून झालं. कागद घडी करून मेथीदाण्यांच्या डब्याखाली ठेवेन, तिथे कोणी बघत नाही. रविवारची साडी काढून ठेवली आहे. तू भरल्या खोलीत जे बोललीस, ते मला घरातल्या एका सुनेपुढे बोलता आलेलं नाही. ती दुसरी गोळी मीही घेते, आई. सुनेला सांगितलंय, कॅल्शियमची आहे.