पूर्वेकडचे कुंपण

मी, शिवराम धोंडू गमरे, वय वर्षे ७४, निवृत्त फिटर, राहणार शहाड, तालुका कल्याण, माझ्या राहत्या घरी खिडकीपाशी बसून, कुणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला खरा आहे, फक्त कुंपणाचा विषय निघाला की माझ्या डोक्याचा गोंधळ होतो, हे डॉक्टरांना सांगितलेले नाही. याआधीचे चार मसुदे मी स्वतः फाडले आहेत. त्यांचे तुकडे कुणाला सापडले तर त्यावरून भांडू नये.

१. माझी पत्नी मीराबाई २०१९ साली वारली. मुलगा रत्नदीप कोलशेतला राहतो, मुलगी स्वप्ना डोंबिवलीला सासरी आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्वप्नाने करावी, कारण फोन केला की ती उचलते.

२. शहाड येथील बैठे घर व मागची परसबाग दोघांना निम्मी निम्मी. बँकेतील ठेवही तशीच. "आबा, ताईला कशाला, तिचं लग्न झालंय ना," असे रत्नदीप एकदा बोलला होता. ते मी ऐकले होते, एवढीच नोंद करतो.

३. हत्यारे, म्हणजे व्हाइस, पान्यांचा पूर्ण संच, सहा कानशी, ओळंबा व पाणसळ, स्वप्नाला. रत्नदीप एक स्क्रू पिळायला माणूस बोलावतो. त्याच्या घरात ही हत्यारे गंजतील.

४. गल्लीतील गणू याने २०१४ साली दोन दिवसांसाठी नेलेली माझी शिडी त्याला बक्षीस दिली असे समजावे. माफ केले असे समजू नये.

५. माझ्यामागे तेरावे वगैरे काही करू नये. विहारात वंदना घ्यावी आणि वस्तीतल्या शाळेत वह्या वाटाव्यात. त्यावर माझा फोटो छापू नये.

६. घराची चतुःसीमा. वकीलबाई ॲड. विनिता शेजवळ म्हणाल्या, "काका, चार बाजूंना काय काय आहे ते नीट लिहा, नाहीतर पुढे त्रास होतो." पश्चिमेस गल्ली. दक्षिणेस नाला. उत्तरेस गणूचे घर. पूर्वेस माझे शेजारी व कारखान्यातले जोडीदार कै. बाबुराव घोलप यांची जागा, आता तिथे त्यांच्या पत्नी हौसाबाई राहतात. इथे पेन थांबले ते अकरा दिवस. पूर्वेची सीमा कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि कुंपण तिथे नाही.

६ अ. झाले असे. १९९१ साली मी आणि बाबूने मिळून मागच्या बाजूला लोखंडी अँगल आणि जाळीचे कुंपण घातले. दोघेही फिटर. दोरी ताणली, ओळंबा लावला, एक सूतही रेष हलू दिली नाही. जागा विकणारा म्हणाला होता, "विजेच्या खांबाच्या रेषेत धरा." आम्ही खांब धरला. मोजणीचा दगड शोधावा असे दोघांच्याही मनात आले नाही. त्या आधीच्या वर्षी रस्ता रुंद करताना खांब दीड फूट सरकवला होता, हे आम्हा दोघांना ठाऊक नव्हते. इतकी अचूक चूक मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

६ आ. २००९ साली मीराबाईच्या शेवग्यासाठी खड्डा खणताना पहारीला दगड लागला. वर फुलीची खूण. कुंपणापासून दीड फूट आत, माझ्या बाजूला. म्हणजे पुढून मागेपर्यंत दीड फुटाचा पट्टा बाबूचा होता आणि मी त्यावर अळू लावत होतो. मी दगडावर माती लोटली, शेवगा वीतभर कुंपणाकडे सरकवून लावला आणि आंघोळ करून कामावर गेलो. मीराबाईलाही सांगितले नाही. का सांगितले नाही याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. जमिनीचा लोभ म्हणावा तर दीड फुटात काय येते? भीती म्हणावी तर बाबूची भीती कसली?

६ इ. त्यानंतर कुंपण बदलायचे म्हटले की मी विषय बदली. नवे खांब रोवायचे तर खणणे आले, खणले की दगड वर. अँगल बुडापासून गंजले, मी तारेने आवळले. जाळी फाटली, मी पत्रा ठोकला. रत्नदीप विचारी, मी म्हणे दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणे पावसाळ्याआधी. आता ते सगळे घोलपांच्या बाजूला कलले आहे आणि हौसाबाईंना नीट दिसत नाही. मोरीपर्यंत त्या त्याच जाळीला हात लावत जातात. एखाद्या दिवशी ते त्यांच्या अंगावर पडेल.

६ ई. २०१७ साली जाण्याआधी महिनाभर बाबू मागे खुर्ची टाकून बसायचा. एकदा म्हणाला, "शिवा, कुंपण बदलायला झालं रे." मी म्हणालो, "दिवाळीनंतर बघू." तो हसला. त्याला दगडाचे माहीत होते, का तो नुसता कुंपणाबद्दल बोलत होता? या एका हसण्यावर मी आठ वर्षे विचार केला आहे. कधी वाटते माहीत होते. कधी वाटते नव्हते. दोन्ही वेळा मला झोप लागत नाही.

७. सदर कुंपण माझ्या मृत्यूनंतर एका वर्षाने बदलावे.

८. कलम ७ रद्द. हौसाबाईंचा मुलगा साकेत मार्चमध्ये सरकारी मोजणी आणणार आहे. मोजणीत दगड निघणार. तोवर मी नसलो तर साकेत आणि रत्नदीप कोर्टात उभे राहतील, आणि माझा मुलगा "आमचा चौतीस वर्षांचा ताबा आहे" असे म्हणेल. त्याला मी ओळखतो. बाबूच्या मुलाने माझ्या मुलाला चोराचा मुलगा म्हणावे हे मला सहन होणार नाही, मेल्यावरसुद्धा.

९. म्हणून सदर दीड फुटाचा पट्टा, शेवग्यासह, श्रीमती हौसाबाई बाबुराव घोलप यांना देत आहे. वकीलबाई म्हणाल्या, "जी जागा त्यांचीच आहे ती तुम्ही देणार कशी?" मी म्हणालो, मग माझी नाही असे लिहा. त्या म्हणाल्या, "ताबा तुमचा आहे, तसंही लिहिता येणार नाही." ती जागा माझी आहे की नाही हे त्यांनी दोनदा समजावले. मी दोनदा मान हलवली.

१०. हे कलम लिहून मी २६ नोव्हेंबरला हौसाबाईंकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवले.

"सोळा वर्षं, भाऊजी? सोळा वर्षं तुम्ही माझ्या हातची मासवडी खाल्लीत आणि दगडावर माती टाकून गप बसलात?"

मी म्हणालो, "हो, वहिनी."

"ह्यांना माहीत होतं?"

"ते मी तुम्हाला विचारायला आलोय."

"मला नाही बोलले कधी. जावा आता घरी."

दोन दिवस त्यांच्या मागच्या दाराची कडी उघडली नाही. चौतीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. मीराबाई गेली तेव्हा घर जेवढे रिकामे वाटले त्याच्या खालोखाल हे दोन दिवस होते.

११. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या जाळीला धरत आल्या आणि पलीकडूनच बोलल्या.

"त्या कागदावर साक्षीदार कोण?"

मी म्हणालो, विहाराचे धम्मपाल आहेत, दुसरा शोधतोय.

"हे असते तर त्यांनी सही केली असती ना?"

"पहिली."

"मग ती मी करणार."

मी सांगितले की वकीलबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला उभे राहू नये. पट्टा तुम्हाला लिहिलाय, तेव्हा तुमची सही चालणार नाही.

"मग खोडा तो पट्टा."

"वहिनी, तो तुमचाच आहे!"

"माझा आहे तर तुम्ही मेल्यावर कशाला देता? जिते आहात तोवर कुंपण उचला आणि जिथं पाहिजे तिथं लावा. मला काय तुमच्या मरणाची वाट बघत बसायचंय?"

सोळा वर्षांत हा मार्ग मला दिसला नव्हता.

१२. कलम ९ रद्द. कुंपण रविवार, ७ डिसेंबर २०२५ रोजी बदलण्यात येईल. सहा तारखेला मी दादरला जाणार असल्याने त्याआधी शक्य नाही. रत्नदीप, साकेत आणि स्वप्ना तिघांनी सकाळी आठला हजर राहावे. दगड सर्वांसमक्ष उघडा करून त्यावरून रेष धरली जाईल. शेवगा पलीकडे जाईल. शेंगांबद्दल मी कोणतीही अट घातलेली नाही. नव्या जाळीला हौसाबाईंच्या बाजूने कमरेइतक्या उंचीवर पाइप बसवण्यात येईल, म्हणजे त्यांना धरायला होईल.

१३. बाबूला माहीत होते की नव्हते, हे मला या जन्मी कळणार नाही. ते तसेच ठेवून मी सही करत आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो मला समजला, जिथे समजला नाही तिथे तसे लिहिले आहे.

लिहून ठेवणार: (सही) शिवराम धोंडू गमरे

शिवराम गमरे यांनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:

साक्षीदार १: (सही) धम्मपाल रामजी कांबळे

साक्षीदार २: (डाव्या हाताचा अंगठा) हौसाबाई बाबुराव घोलप. यांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही.

स्थळ: शहाड
दिनांक: ३० नोव्हेंबर २०२५