पायथ्याचे घर आणि लाखलनचे होकायंत्र

मी, उना गिलँडर्स, वय वर्षे शहात्तर, राहणार किनलारिक, बेन डोरखच्या पायथ्याशी, स्कॉटलंड. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्याही दबावाशिवाय, चहा पिता पिता, हे मृत्युपत्र करत आहे. आधीच्या मृत्युपत्रात घर माझा भाचा लाखलन याला दिले होते. ते रद्द समजावे.

१. घर आमच्या डोंगरी बचाव पथकाला द्यावे. पथकात सगळे बिनपगारी. कर्स्टी शाळेत स्वयंपाक करते, यूअन मेंढ्या राखतो. बोलावणे आले की हातातले टाकून निघतात आणि परत येऊन माझ्याच स्वयंपाकघरात ओले बूट काढतात. त्यांना दुसरी जागा नाही.

लाखलनने यावर भांडू नये. त्याचे गेस्ट हाउस बरे चालते. पाहुण्यांना तो सांगतो, वाट फोनमध्ये आहे. मी म्हटले, "अरे, नकाशा दे त्यांना. धुक्यात काय करतील?" तर म्हणे, "आत्या, कुठल्या जमान्यात आहेस तू?" गेल्या हिवाळ्यात त्याच्या दोन पाहुण्यांचे फोन थंडीने बंद पडले. माथ्यावरून सोपा दिसणारा उतार धरून ते थेट घळीत उतरले. त्यांना काढताना यूअनचा खुबा मोडला. पाहुणे सकाळी नाश्ता करून गेले. यूअन अजून कुबड्यांवर आहे. हे मी विसरलेले नाही.

लाखलन पथकात आला तर घर त्याला, असेही लिहून पाहिले. कर्स्टी म्हणाली, "नको गं उनामावशी, बळेच आणलेला माणूस नको. उद्या त्यालाच उचलून आणावं लागेल." पटले.

२. सुपाचे मोठे पातेले घरातच राहावे. त्याचा डाव यूअनकडे आहे, तो मागून घ्यावा.

३. होकायंत्र व नकाशा लाखलनला. कर्स्टी शिकवेल. टोमणे मारणार नाही म्हणाली आहे, पण मला भरवसा नाही.

४. माझी राख माथ्यावर नेऊ नये. दाराशी टाकावी.

तरी लाखलन वर जाईलच. त्याची आई गेली तेव्हाही कोणाला न सांगता गेला होता. जाऊ दे. पण होकायंत्र न्यावे, आणि कुठल्या वाटेने जातो, कधी परततो, ते कर्स्टीला सांगून जावे. माझा फार जीव आहे त्याच्यावर. उशीर झाला तर ही माणसे सगळे विसरून त्याला आणायला निघतील, आणि यूअन कुबड्या टेकत सूप ढवळायला येईल. त्यांच्यावर ती वेळ आणू नये.

सही: उना गिलँडर्स
साक्षीदार: डॉ. शीना टलॉख आणि पोस्टमन नील मॅकइनिस (पथकाबाहेरचे गावात हे दोघेच सापडले)
किनलारिक, ३ नोव्हेंबर २०२३