तुझ्या दंडाला न बांधलेला पट्टा

प्रिय गया,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तू सोयगावला माहेरी गेलीस की चौथ्या दिवशी मीच न्यायला हजर! आज लिहितोय, कारण शेजारच्या कडूबाईंनी काल मला चांगलंच फैलावर घेतलं.

विद्यापीठाचं नामांतर झालं गं! गल्लीत गुलाल उडाला. कडूबाई पेढे घेऊन आल्या. या लढ्यात त्या तुरुंगात गेल्या तेव्हा त्यांची लेकरं तू सांभाळली होतीस, म्हणून पहिला पेढा तुझ्या फोटोपुढे ठेवला. दुसरा मला देताना त्यांची नजर माझ्या कमरेकडे गेली.

"भाऊजी, प्यांट सुतळीनं बांधली व्हय? तिच्या मागं जायचं ठरवलंय का?"

मी हसण्यावारी नेलं. त्या हसल्या नाहीत. आज सकाळी मला रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

मी केवढा होतो, आठवतं? चिकलठाण्याच्या कंपनीत स्टोअरमध्ये बसून बसून सुटलेली ती ढेरी! कंपनीच्या डॉक्टरांनी मला बीपी सांगितलं आणि तू माझ्या ताटातलं मीठच बंद केलंस. लोणचं फळीवर, पापड डब्यात, डबा कुलपात. सवयीनं भाजीत मीठ पडलंच, तर "तुमाला नको" म्हणून ती सगळी तूच संपवायचीस. माझ्या वाटणीचं मीठ तू खात होतीस आणि मी नुसतं तोंड वाकडं करत होतो.

अधूनमधून तू डोक्याला फडकं करकचून बांधायचीस. "ऊन लागलं," म्हणायचीस. ऐन थंडीत कसलं गं ऊन? पण मी कधी विचारलं नाही.

आणि ती तपासणी! कंपनीनं घरच्यांनाही बोलावलं होतं. माझं बीपी बघून झाल्यावर सिस्टर तुला म्हणाली, "मावशी, बसा, तुमचंही बघू." तू बसलीस. पोलक्याची बाही वर सारून हात टेबलावर ठेवलास. तेवढ्यात मी शहाणा बोललो, "तिचं काय बघता सिस्टर? फुंकलं तर उडंल!" रांगेतले सगळे खो खो हसले. तूही हसलीस, हात काढून घेतलास आणि पदर सावरत उठलीस.

का उठलीस, गया? घरी मिठावरून मला फाडून खाणारी तू, तिथंच माझं का ऐकलंस? "थांबा, बघू द्या की" एवढं म्हणाली असतीस तर? रागावू नकोस. दोष तुझा नाही, ते मला पक्कं माहीत आहे.

पुढच्याच उन्हाळ्यात तू नळावर कोसळलीस. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांना बीपीची गोळी कोणती चालू होती?" मी म्हणालो, "गोळी नाय साहेब, ती बारीक हाय." तेव्हा त्यांनी सांगितलं, वाढलेल्या बीपीनंच तुझ्या मेंदूतली शीर फुटली होती. बीपी जाड्यांनाच होतं, एवढंच माझं शहाणपण! लहानपणी माहेरी मेंढरांमागं डोंगर चढून काटक झालेल्या तुझ्या अंगात एवढा दाब असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फार आठवण येते गं. वाळूजकडं नव्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्यात. बसमधून एखादं नवं पत्र्याचं छप्पर दिसलं की तुला दाखवायला मी वळतो. शेजारी दुसरंच कुणी बसलेलं असतं.

मी आता रिटायर झालो. जुने दोस्त भेटले की म्हणतात, "लिंबाजी, ढेरी गेली की रं! लई झाक!" मग मलाही वाटायचं, वजन उतरलं, गया खूश झाली असती. आज मात्र डॉक्टर चिडले. "काही न करता वजन उतरतंय? या वयात हे चांगलं लक्षण नाही, काका. बीपीही वाढलंय. गोळी घेता का? जेवता का?"

कडूबाईंनीच उत्तर दिलं, "दोनी बी नाय."

खरं सांगू? गोळ्यांचं पाकीट महिनाभर तसंच पडून आहे. एकट्याला घास उतरत नाही. वाटायचं, असंच उतरत जावं आणि एक दिवस तुझ्यापाशी पोचावं. हे कुणाला बोललो नाही. तुलाच सांगतोय.

पण डॉक्टरांनी पट्टा बांधला, दंड आवळला, तेव्हा मला रडूच आलं. दोन मिनिटांचं काम होतं गं! तेवढंही मी तुझ्यासाठी होऊ दिलं नाही.

आता शब्द देतो. रोज दोन भाकरी खाईन. गोळी चुकवणार नाही. आणि आपल्या गल्लीतली एकेक काटकुळी म्हातारी तपासायला घेऊन जाईन. त्यांचे नवरे हसले तरी नेईन. काम बरंच आहे.

तेव्हा मला यायला उशीर होईल. तू जेवून घे.

तुझाच,
लिंबाजी