मामंजींची रानकॉफी

प्रिय मामंजी,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून लिहायला बसले.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं? मी सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, तुम्ही फौजेतून निवृत्त होऊन कोयनेकाठी राहिलेले. आपण दोघं काय बोलणार! शेवटी तुम्हीच म्हणालात, "चल पोरी, तुला एक झाड दावतो. तुज्या पुस्तकात असंल नसंल."

ओढ्याकाठच्या गर्द सावलीत रानकॉफीची तीनच झुडपं होती. पांढरी फुलं, मोगऱ्यासारखा वास. मी तर उड्याच मारल्या! घरात चहापत्ती संपली की तुमची आई याच्या बिया भाजून, कुटून, गूळ घालून उकळायची म्हणालात. घरी आल्यावर डब्यात जपलेल्या बिया काढून मला तसंच करून पाजलंत. काय कडू होतं! तरी मी दोन कप प्यायले.

निघताना कुंडीत लावलेलं एक रोप हातात दिलंत. "जप बरं का. लय कमी ऱ्हायल्यात."

मामंजी, ते रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मला ते जगवता आलं नाही. दर रविवारी फोनवर तुम्ही विचारायचात, "रोप काय म्हणतंय?" आणि मी सांगायची, "छान आहे, नवी पानं आलीत." चार वर्षं खोटं बोलले हो तुमच्याशी!

काल सासूबाई म्हणाल्या, "आगं, त्यास्नी ठावं हुतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सांगलीला आलं हुतं, तवाच त्या कुंडीत कढीपत्ता बघितला की. मला म्हनलं, तिला काय बोलू नगंस, पोरीला लाज वाटंल."

"मग तरी विचारत का राहिले?"

"दुसरं काय बोलावं तुज्यासंगं, त्यास्नी सुचायचं न्हाई."

एकदा रागवायचंत तरी! मी मनमोकळं रडले असते.

मग सासूबाईंनी मला घरामागच्या परड्यात नेलं. जांभळाखाली सात रोपं, तुम्ही बियांपासून वाढवलेली. तुमच्या माघारी त्याच पाणी घालतात.

पाऊस स्थिरावला की आम्ही दोघी ती ओढ्याकाठी नेऊन लावू. एकही सांगलीला नेणार नाही. दर सुट्टीत येऊन बघीन. आणि मामंजी, एखादं वाळलं, तर वाळलं म्हणूनच तुम्हाला सांगीन.

तुमची सून,
शुभांगी