या, बसा, घ्या ना

२ फेब्रुवारी
मुलगा म्हणाला, आई, आपल्या व्हिस्कीच्या भट्टीत टेस्टिंग रूम करायचीय. पाहुणे येतील, चव बघतील, बाटल्या नेतील. डिझायनर बोलावतो. म्हटलं, लग्न होऊन आले तेव्हापासून लोकांची सरबराई करतेय, मला डिझायनर शिकवणार? काम मलाच मिळालं. महिनाअखेर टूरवाला येणार. त्याला आवडलं तर दर रविवारी बसभर पाहुणे, आणि खोलीतली खुर्ची कायमची माझी. नाही तर मी घरी आराम करायचा. आराम! हे गेल्यापासून तोच चाललाय. भिंतीसुद्धा कंटाळल्या मला.

५ फेब्रुवारी
सूनबाई म्हणते, आई, आधी चव तरी बघा. बरोबर आहे. जन्मात घेतली नाही. उद्या एक घोट घेणार. केवळ धंद्यासाठी.

६ फेब्रुवारी
घसा बसलाय. घोट पुढच्या आठवड्यात.

९ फेब्रुवारी
मुलाचं सारखं हेरिटेज, हेरिटेज. म्हटलं, म्हणजे काय रे? म्हणाला, जुनं जपायचं. म्हटलं, मग मला घरी का बसवतोस? सूनबाईला एकदम खोकला आला.

१३ फेब्रुवारी
खोली झकास होतेय. उंच स्टुलं नकोत, माणूस पडतो आणि नाव आपलं जातं. टेबलांवर मी विणलेले रुमाल. समोर ह्यांचा मोठा फोटो. कुठेही बसा, हे बघतातच. सूनबाई म्हणाली, लाइट जरा मंद ठेवू. म्हटलं, का? चोरीचा माल आहे? भक्क ट्यूबलाइट लावल्या.
घोट राहिला. रंगाच्या वासाने डोकं दुखतं.

१७ फेब्रुवारी
ट्रायल. कामगारांना बोलावलं. दारातच म्हटलं, या, बसा, घ्या ना. सगळे चपला काढून ओळीने बसले. फोरमनने ग्लास पाठीमागे नेला. म्हणाला, मी नाही घेत, काकू. हा! जो दर शनिवारी भिंती धरत घरी जातो! विचारलं, मग सोमवारी डोळे लाल कशाने? म्हणाला, धुराने. शेवटी चहा पिऊन गेले सगळे.
किती आदर! खोलीचा परिणाम, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी
मुलगा म्हणतो, आई, इथे कुणी पिणारच नाही. उगाच शंका. हेरिटेज कमी पडत असेल. सासऱ्यांचाही फोटो लावला.

२८ फेब्रुवारी
टूरवाला आला, चार पाहुणे घेऊन. मी प्रेमाने चौकशी केली. लग्न झालं का? आई कशी आहे? तिला फोन करता ना? घ्या ना. त्याने ग्लास ओठापर्यंत नेला. माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग सासऱ्यांकडे. ग्लास खाली ठेवला. म्हणाला, डॉक्टरांनी बंद केलीय.
मग मुलगा त्यांना गोदाम दाखवायला घेऊन गेला. बराच वेळ कुणी परत येईना म्हणून खिडकीतून डोकावले. पाचही जण पिंपांवर बसलेले, सूनबाई ओततेय, फोरमन गातोय. डॉक्टरांनी बंद केलेला सगळ्यांत पुढे.
मूड माझ्या खोलीतच बनला होता. तिकडे फक्त उतू गेला.

८ मार्च, रविवार
टूरवाल्याचं जमलं. आज पहिली बस आली. मुलाने शब्द पाळला, खुर्ची माझीच. दारावर पाटीही लावली: न घेणाऱ्यांसाठी. माझ्याकडे बसचा ड्रायव्हर बसला. सज्जन माणूस. तीन कप चहा प्यायला आणि आईला फोन केला. दिवसभरात एक ग्लास फुटला नाही. असं यश कुठे बघायला मिळतं?

संध्याकाळी
बस गेली. म्हटलं, घोट आजच. ग्लास भरला, तर हे बघतायत. फोटो भिंतीकडे वळवला. मग सासरे. त्यांनाही वळवलं. तरी हात उचलवेना. ट्यूबलाइटसुद्धा टक लावून बघत होती.
ग्लास शालीखाली लपवला आणि गोदामात गेले. फक्त कुलूप बघायला. तिथे पिंपावर सूनबाई, पाय हलवत. म्हणाली, आई, या, बसा, घ्या ना.
घेतला. जाळ आहे नुसता! खात्री करायला अजून एक घेतला.
जागा बरी जमवलीय पोरीने. माझ्याच खोलीवरून सुचलं असणार.