टेकू काढायचा दिवस

तंजावूर,
६ फेब्रुवारी २०२५

ती. अनिरुद्ध अण्णास,
विनुताचा शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे. पोंगलला आला नाहीस म्हणून रागावली आहे, पण तुझ्यासाठी तांदळाचे वडाम वाळवून डबा भरून ठेवलाय. तेव्हा राग किती ते तूच समज.

मेल केली तर कंपनीत सगळे वाचतात, आणि फोन केला तर तुझ्याभोवती चार माणसं असतात. आजोबांनी शिकवलेली ही मराठी अक्षरं तुझ्या चेन्नैच्या ऑफिसात कोणालाच येत नाहीत, म्हणून कुरियरने पत्र धाडते. चुका पोटात घाल.

पापनाशमच्या शाळेच्या जेवणघराच्या भिंती यंत्राने काँक्रीटचे थरावर थर घालत नऊ दिवसांत छापल्या. अख्खं गाव बघायला लोटलं होतं. सोमवारी वरचा स्लॅब ओतला. त्यात तुझे चौदा सेन्सर आहेत. ते काँक्रीटची ऊब मोजतात, संगणक त्यावरून ताकद सांगतो, आणि पडदा हिरवा झाला की खालचे टेकू काढायचे. पूर्वी आम्ही चौदा दिवस थांबायचो. तुझ्या योजनेप्रमाणे आता सातव्या दिवशी, म्हणजे दहा तारखेलाच.

आज रामस्वामी मेस्त्रींनी मला वर बोलावलं. स्लॅबच्या काठावर त्यांनी खिळा ओढला. रेघ उमटली आणि भुकटी माझ्या बोटांना लागली. तिसऱ्या दिवशी असं होता कामा नये, असं ते हळूच म्हणाले. तीस वर्षं स्लॅब ओतणारा माणूस, पण ती रेघ पुन्हा पुन्हा बोटाने चाचपत होता. पडदा मात्र छान दाखवतोय.

साइटची इंजिनिअर म्हणून टेकू काढायच्या हुकुमावर सही माझी लागते. चौदा तारखेला उद्घाटन आहे, त्या दिवसापासून एकशेवीस मुली तिथे जेवणार. अण्णा, मला भीती वाटते. काय करू ते लिही.

रागावलास तरी उत्तर धाड, आणि माया कमी करू नकोस.

तुझी,
विनुता

चेन्नै,
७ फेब्रुवारी २०२५

चि. विनुतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच गिचमिड काढतेस. आजोबा असते तर पाटी हातात दिली असती.

लहानपणी झोपाळ्याची कडी तुटेल म्हणून तू जमिनीवर बसायचीस, तशीच आहेस अजून. या योजनेला मी तीन वर्षं दिली आहेत. काँक्रीटचे दोनशे ठोकळे, क्यूब, फोडून ऊब आणि ताकद यांचा आलेख बसवला. पाच वर्षांत आपली निम्मी बांधकामं अशी होतील, असं संचालकांपुढे बोलून बसलोय. एका खिळ्याच्या रेघेवर मी त्यांना काय सांगू?

तरी तुझ्या मनाच्या शांतीसाठी एक कर. आलेख ज्या सिमेंटचा आहे तेच साइटवर आलंय ना, ते गोण्यांवर बघ. तेच असणार. मग निर्धास्त सही कर. आईला म्हणावं, डब्यातले वडाम मोजून ठेव, विनुता चोरेल.

प्रकृतीला जप, आणि पत्र लिहायचं टाकू नकोस.

तुझा,
अण्णा

तंजावूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,
विनुताचा शि. सा. न. वि. वि.

शेजारची भुवना आज रात्रीच्या गाडीने चेन्नैला निघाली आहे, पत्र तिच्या हाती देते. फोन मुद्दामच करत नाही. तू समजावलंस की मला पटतं, आणि या वेळी मला पटून घ्यायचं नाही.

गोण्या बघितल्या. सिमेंट वेगळं आहे. जास्त राख मिसळलेलं, उशिरा ताकद धरणारं. मॅनेजर रघुराम सरांना विचारलं. ठरलेली लॉरी अडकली होती, तारीख चुकवायची नव्हती आणि सिमेंट म्हणजे सिमेंटच, असं म्हणाले. संगणकाला हे कोणी सांगितलंच नाही. तो ऊब बघतो आणि तुझ्या जुन्या आलेखावरून ताकद सांगतो.

मेस्त्रींनी सोमवारी कोणाला न विचारता तीन क्यूब भरून ठेवले होते. काल त्यांतला एक मी मांडीवर घेऊन बसने इंजिनिअरिंग कॉलेजात नेला आणि यंत्रात दाबून बघितला. पडद्यावर ताकदीचा आकडा एकवीस होता. क्यूब अकरावर फुटला.

रघुराम सर म्हणतात, मेस्त्रीने भरलेला क्यूब धरायचा नाही. मी सही केली नाही तर उद्या सकाळी दहाला ते स्वतःच्या अधिकारात टेकू काढायला लावणार.

म्हणून मी उद्या स्लॅबखाली जाऊन बसणार आहे. शूर वगैरे नाही रे. लिहितानाही हात घामेजलाय, कागद चिकटतोय. पण माणूस खाली बसलेलं असताना कोणी टेकू ओढणार नाही, एवढंच सुचतंय. आईला कळवू नकोस. उद्या नेहमीसारखी डबा घेऊन निघेन.

काही कमीजास्त झालं तर मेस्त्रींना दोष लागू देऊ नकोस. तुझ्या मायेवर भरवसा ठेवून हे लिहिलंय.

तुझी,
विनुता

चेन्नै,
१० फेब्रुवारी २०२५

चि. विनुतास अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी तू फोनवर नीट बोललीस, मलाच बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

भुवना सकाळी नऊला पत्र घेऊन आली. तुला अकरा फोन केले, बंद. रघुरामना केले, उचलले नाहीत. ऑफिसात पोचून साइटचा कॅमेरा लावला. तू उपड्या घमेल्यावर बसलेली, शेजारी मेस्त्री. आणि त्याच पडद्यावर कोपऱ्यात माझा हिरवा चौकोन: टेकू काढण्यास योग्य.

हुकूम थांबवायचा अधिकार फक्त संचालक वासुकी मॅडमना. त्यांची बैठक चालली होती, तशीच मोडून आत शिरलो. माझा आलेख या सिमेंटला लागू नाही म्हणालो. कुठलं सिमेंट आलं हे विचारायची ओळच मी योजनेत घातली नाही, हेही सगळ्यांसमोर कबूल केलं. खात्री आहे का, असं त्यांनी विचारलं. माझी बहीण त्याखाली बसलीये, एवढंच मला सांगता आलं. त्यांनी लगेच हुकूम थांबवला.

मी धावत पडद्याशी आलो, तोवर लांबच्या कोपऱ्यातले दोन टेकू निघाले होते. कॅमेऱ्याला आवाज नाही. कोपरा खाली आला आणि चित्र पांढरं झालं. धूळ खाली बसेपर्यंत मी पडद्यावर हात आपटून तुला ऊठ ऊठ म्हणत होतो, असं नंतर लोकांनी सांगितलं. मला आठवत नाही. मग तुझं हेल्मेट दिसलं.

हा आलेख आणखी सात साइटवर आहे. सगळीकडचे टेकू राहू द्यायला सांगितलंय. विनुता, तिथे खिळा ओढून बघणारं कोणी असेल का?

तुझ्या पत्राला मी चेष्टेचं उत्तर दिलं. मोठं मन करून पोटात घाल.

तुझा,
अण्णा

तंजावूर,
२० मार्च २०२५

ती. अण्णास,
विनुताचा शि. सा. न. वि. वि.

नव्या योजनेचा कागद पोचला. सिमेंटची ओळ पहिलीच आहे, आणि क्यूब फोडल्याशिवाय टेकू हलवायचा नाही ही दुसरी. मेस्त्रींना तमिळमध्ये वाचून दाखवलं. मान डोलावली आणि चहा मागवला.

फुटलेला कोपरा तोडून नव्याने ओतला होता. त्याचे क्यूब मी समोर उभी राहून फोडून घेतले, सही केली, आणि काल सगळे टेकू निघाले. रघुराम सरांची बदली झाली, नवे मॅनेजर दोनदा विचारून काम करतात.

आज मुली पहिल्यांदा आत जेवल्या. मलाही पंगतीत बसवलं. आकडे बरोबर आहेत हे मला ठाऊक होतं, तरी कोपरा खाली आला तेव्हाचा तो आवाज कानात घुमत होता. सांबारभात पानात तसाच राहिला. शेजारच्या सातवीतल्या मुलीने विचारलं की मी सारखी वर का बघते. खोटं बोलवेना. हे छत मी बांधलंय आणि मला त्याची भीती वाटते, असं सांगितलं.

तिने जरा विचार केला. मग म्हणाली की तिचं जेवण झालंय, ती वर बघत बसेल, मी जेवून घ्यावं. आणि खरंच, मान वर करून बसून राहिली.

मी जेवले, अण्णा.

आई वाट बघते. लवकर ये, आणि आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
विनुता